गाडीला बाहेरचं

परशुराम भोईर यांचा 'कंपनी' या शब्दावर देवावर असावा तसा विश्वास होता. मिक्सरचं भांडं असो, चष्म्याचा स्क्रू असो की कुकरची शिट्टी, कंपनीची मिळाली तरच ते घ्यायचे. बाकी सगळं त्यांच्या लेखी 'बाहेरचं', आणि बाहेरच्याचा भरवसा नाही. ठाण्यात बाळकुमला वडिलांच्या भातशेतीच्या जागी आता बिल्डिंग उभी होती, तिच्यात त्यांना फ्लॅट मिळाले होते, आणि त्याच व्यवहारातून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नवीकोरी मोठी गाडी घेतली होती. शोरूममधला माणूस सीट कव्हरं दाखवायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. कंपनीने विचार करूनच गाडी बनवली असणार, त्यात आपण शहाणपणा कशाला करायचा, असं त्यांचं म्हणणं. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी तसंच ठेवलं होतं. सून कल्पिताने ते साडीला चिकटतं म्हणून एका दुपारी गुपचूप फाडून टाकलं, तेव्हा ते आठवडाभर तिच्याशी मोजकंच बोलले.

मुलगा देवेश याचं या गाडीशी एकाच बाबतीत जमत नव्हतं. गाणं जरा मोठं केलं की गाणाऱ्याचा घसा बसल्यासारखा वाटायचा आणि ढोल तर पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. दोष कंपनीच्या ॲम्पचा, म्हणजे गाण्याला ताकद देणारा जो डबा सीटखाली बसवलेला असतो त्याचा, असं त्याला मित्रांनी सांगितलं होतं. तो काढून बाहेरचा बसवू या का, असं त्याने वडिलांना एकदा विचारून पाहिलं. गाडी बसायला असते, गाणी ऐकायला घरात टीव्ही आहे, असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. परशुराम स्वतः गाडीत गाणी लावतच नसत. गाडी चालवताना कान इंजिनाकडे हवेत, हे त्यांचं आणखी एक तत्त्व.

तेव्हा देवेशने शहाण्या मुलासारखं केलं, म्हणजे विचारायचं बंद केलं. आईवडील बिल्डिंगमधल्या मंडळींबरोबर बसने त्र्यंबकेश्वरला गेले, त्या शनिवारी तो गाडी घेऊन डोंबिवलीला मानपाडा रोडवर सूरजच्या दुकानात पोचला. कंपनीचा ॲम्प निघाला, त्याच्या जागी बाहेरचा, चांगला दणकट बसला, आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यात एक भलामोठा स्पीकर गेला. समोरचा स्क्रीन, बटणं, जाळ्या, सगळं होतं तसंच. कंपनीचा डबा देवेशने कपड्यांच्या कपाटात मागे लपवला. हे परशुरामना बरंच पुढे कळलं. तोवर जे काय झालं ते मात्र यामुळेच झालं.

शालूची, म्हणजे परशुरामच्या बायकोची, बहीण कल्याणच्या पुढे मोहने गावात राहते. तिच्या घरी सत्यनारायण होता, म्हणून परशुराम, शालू आणि नात सान्वी असे तिघे गाडीने गेले आणि संध्याकाळी परत निघाले. कल्याणच्या गर्दीत काही नव्हतं. दुर्गाडीचा पूल गेला, कोनगाव गेलं, रांजनोली नाका सोडून गाडी हायवेला लागली, जरा पळायला लागली, आणि परशुरामच्या डोक्यात आवाज सुरू झाला. घूं. लांब, जाड, एकसुरी. दोन्ही कानांत नाही, कानांच्या मधोमध. जणू कुणी कवटीला तोंड लावून हुंकार भरतंय.

त्यांनी वेग कमी केला, आवाज गेला. वेग वाढवला, आवाज आला. त्यांनी जबडा हलवला, थुंकी गिळली, डोकं झटकलं. शेजारी शालू गप्प बाहेर बघत होती. तिने काच खाली केली, तर त्यांनी विचारलं, गरम होतंय का. ती हूं म्हणाली. मागे सान्वी कानात काही न घालता, हातात मोबाईल नसताना, चक्क नुसती बसली होती, आणि तिने पुढे वाकून विचारलं, "आजोबा, तुम्ही गुणगुणताय का?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, पोरीलाही ऐकू येतंय म्हणजे आवाज बाहेरचा आहे. परशुरामना वाटलं, आपणच तोंडाने आवाज काढतोय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. दादूसचंही शेवटी असंच झालं होतं.

दादूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ मारुती. तो टेम्पो चालवायचा. एकदा भिवंडीहून माल टाकून आला आणि म्हणाला, टेम्पो चालवताना डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतंय. घरातल्या सगळ्यांनी चेष्टा केली, त्यात परशुराम सगळ्यांच्या पुढे. मग भुंगा टेम्पोतून उतरल्यावरही राहायला लागला. दादूस भेटेल त्याला विचारायचा, तुला ऐकू येतंय का रे, आणि समोरच्याचा चेहरा बघून स्वतःच मान खाली घालायचा. पुढे पुढे तो एकटाच बसून घुमायचा आणि आपण घुमतोय हे त्याला कळायचं नाही. डोक्यात गाठ निघाली. पुढच्या गणपतीला दादूस नव्हता.

सुरुवात गाडीतच. तोच आवाज. त्याच रक्ताचा भाऊ. परशुरामने त्या संध्याकाळी बाळकुमला पोचेपर्यंत हिशेब जुळवून टाकला आणि ठरवलं की कुणालाही सांगायचं नाही. दादूसने विचारलं तेव्हा लोकांचे चेहरे कसे झाले होते ते त्यांनी पाहिलं होतं. शालूचा चेहरा तसा झालेला त्यांना बघायचा नव्हता.

माणसाला एकदा भीती बसली की तिला खायला काहीही चालतं. दिवसभर ते घरात कान लावून फिरायचे. फ्रिज गुरगुरला की थबकायचे. टाकीचा पंप सुरू झाला की जिन्यात उभे राहून तो बंद होण्याची वाट बघायचे, आणि बंद झाला की हायसं वाटून जेवायला बसायचे, पण तोवर भूक मेलेली असायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून धनेश म्हात्रेशी त्यांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. त्या महिन्यात त्यांनी उठून म्हात्रेला सांगितलं, तुला हवी ती जागा घे बाबा. म्हात्रेला इतका धक्का बसला की त्याने जागा घेतलीच नाही. रोज सकाळी ते काहीतरी निमित्त काढून एकटेच गाडी घेऊन हायवेला जायचे. वेग वाढवायचे. घूं. आहे अजून. मग गाडी वळवून घरी यायचे. दुखरा दात जिभेने चाचपून बघावा, तसं ते झालं होतं.

घरात शालूचंही काहीतरी बिनसलेलं त्यांना दिसत होतं. ती एकाएकी कल्पिताच्या मागे लागली होती. यांना तांदळाची भाकरी पातळ लागते, यांच्या चहात आलं किसून नाही तर ठेचून, सुकटीत यांना वांगं चालत नाही, बटाटा घालायचा. कल्पिता बिचारी हो हो म्हणायची. परशुरामना वाटलं, हिचे गुडघे दुखत असतील, स्वयंपाकाचा कंटाळा आला असेल. आपल्याच काळजीत बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचं फार दिसत नाही.

शेवटी ते नौपाड्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. बँकेत जातोय सांगून गेले, एकटे. डॉक्टरीणबाई सुस्वभावी होत्या. त्यांनी कानात दुर्बीण घातली, मग काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले आणि बारीक बारीक आवाज ऐकवले. प्रत्येक आवाजाला परशुरामने हात वर केला. बाई म्हणाल्या, या वयात असे कान मी फार कमी पाहते. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, हा घूं आवाज नेमका कधी येतो? इथे परशुराम खोटं बोलले. गाडी चालवताना म्हटलं तर ही बाई आपल्याला गाडी चालवायला बंदी करील, अशी त्यांना धास्ती. ते म्हणाले, कधीही येतो. बाईंचा चेहरा थोडासा बदलला. थोडासाच, पण परशुरामना तो चेहरा ओळखीचा होता. एकदा डोक्याचा एमआरआय करून घेऊ या, त्या म्हणाल्या, काळजीचं काही नाही. काळजीचं काही नाही हे वाक्य दादूसच्या वेळीही सगळ्यांनी म्हटलं होतं.

एमआरआय सोमवारी सकाळी होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, परशुराम गॅलरीत बसले होते आणि शालू आतून पदराला हात पुसत आली. तिचा चेहरा उजळलेला होता. कितीतरी दिवसांनी तो तसा दिसला, म्हणून ते नीट बघत राहिले.

"अवो, मी एक केलंय. रागवू नका," ती म्हणाली. "मोहन्याच्या बायनं एक भगत सांगितलेला. त्याचा आत्ता फोन आलेला."

परशुराम काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. बायने, म्हणजे बहिणीने सांगितलं होतं की भगत तरुण आहे, बाईकवरून हिंडतो, पण बाधा उतरवायला हात चांगला आहे. आणि खरंच चांगला असणार, कारण शालूने तोंड उघडायच्या आधीच त्याने फोनवर विचारलं होतं, काकी, तुमच्याकडे घूं असा आवाज येत असेल ना? ती म्हणाली, येतो. तर तो म्हणाला, तुमच्याकडे बाहेरचं बसवलंय, त्यामुळे येतोय, घाबरू नका, मी बाळकुमलाच येतोय, काढून देतो. कुणी बसवलं म्हणून तिने विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, घरातल्याच माणसाने, पण नाव मी सांगणार नाही, मला शपथ आहे.

परशुरामच्या हातातला पेपर खाली आला. घूं हा शब्द त्यांनी या घरात कधीच उच्चारला नव्हता. मग त्यांना सान्वी आठवली. पोरीने आजीला सांगितलं असणार, आजोबा गाडीत गुणगुणतात म्हणून, आणि शालूला दादूस आठवला असणार. म्हणजे तिला कळलंय. इतके दिवस लपवलं ते पाण्यात गेलं. एरवी भगत म्हटल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्यांना एकदम थकल्यासारखं झालं आणि ते म्हणाले, येऊ दे.

आता खरी गोष्ट अशी की फोन सूरजचा होता, डोंबिवलीच्या ॲम्पवाल्या सूरजचा. त्याने तसल्याच आणखी एका गाडीचं काम केलं होतं आणि ते गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तेव्हा कुठे त्याला हा घूं काय प्रकार आहे तो उमगला होता. पोरगा कामाला प्रामाणिक. त्याने लगेच देवेशला कळवलं. देवेशला गाडीतल्या गाण्यांच्या दणदणाटात घूं कधी ऐकूच आला नव्हता, आणि आता तो ऑफिसच्या कामाने नाशिकला होता. तो म्हणाला, आईला फोन कर, बाबांना अजिबात नको, आणि माझं नाव कुठे घेऊ नको. सूरजने शब्द पाळला. मोहन्याच्या भगताला तर शालूचा निरोप अजून पोचलाही नव्हता.

सूरज आला तेव्हा शालूने पाटावर आसन मांडलं होतं. समोर ताटात नारळ, हळदकुंकू, लिंबं, उदबत्ती. सूरजच्या एका खांद्याला बॅग आणि एका हातात हेल्मेट. त्याने चपला बाहेर काढल्या, ताटाकडे पाहिलं, आणि घरात कसली तरी पूजा चालू आहे असं समजून देव्हाऱ्याच्या दिशेने नमस्कार केला. शालूने त्याला पाटावर बसायचा आग्रह केला. तो म्हणाला, बसत नाही काकी, आधी गाडीकडे जाऊ या.

परशुराम आणि शालू, दोघांनीही एकदमच त्याच्याकडे पाहिलं. आवाज गाडीत येतो हे परशुरामने डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. भगतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्या क्षणी त्यांच्या हातावर काटा आला. ते मुकाट्याने किल्ली घेऊन निघाले, मागे सूरज, त्याच्या मागे ताट सांभाळत शालू. लिफ्टमध्ये धनेश म्हात्रे होता. त्याने ताट पाहिलं आणि विचारलं, नवीन गाडी घेतली का?

पार्किंगमध्ये सूरजने डिकी उघडली, चटई उचलली आणि म्हणाला, "हे बघा काकी, बाहेरचं इथे बसलंय. आणि एक पुढे, सीटखाली."

"दोन हायत?" शालू पुटपुटली.

"दोन लागतातच. एकाने भागत नाही."

शालूने वाकून स्टेपनीच्या खळग्यात पाहिलं. काळं, गोल, जाळीदार असं काहीतरी तिथे दबा धरून बसलं होतं. तिने ताटातलं एक लिंबू उचलून सूरजपुढे धरलं. तो म्हणाला, सरबत नंतर घेतो काकी, आधी एक चक्कर मारू, आवाज कुठे येतो ते मला ऐकायचंय.

परशुराम चालवायला बसले. सूरज शेजारी, शालू मागे, मांडीवर ताट. हायवे आला. गाडी पळायला लागली, आणि नेहमीच्या जागी, कवटीच्या मधोमध, तो आला. त्यांनी दात आवळले आणि समोर बघत राहिले.

सूरजने एक बोट वर केलं. "हा. आला. येतोय ना ऐकू, काका?"

परशुरामना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी विचारलं, काय?

"हा घूं. चांगला मोठा आहे की. इतके दिवस तुम्ही सहन कसा केलात?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली, ती कशी घेतली ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. पार्किंग लाईट लावले की नाही तेही नाही. मागून ट्रक भोंगा वाजवत गेला. "तुला येतोय ऐकू?" ते म्हणाले. "तुझ्या कानांना? बाहेरून?"

सूरज गोंधळला. न येऊन कसं चालेल, तो म्हणाला, आख्खी गाडी घुमतेय. मागच्या सीटवर शालू रडायला लागली. ताटातला नारळ घरंगळून तिच्या पायाशी गेला. परशुरामना वाटलं, ती आपल्यासाठी रडतेय, आणि त्यांनी मागे न बघताच हात मागे करून तिचा गुडघा थोपटला.

सूरजने मग जे सांगितलं ते असं. या गाडीला छतात कान आहेत, म्हणजे बारके माईक. इंजिनाची घरघर आत बसलेल्यांना त्रास देऊ नये म्हणून कंपनीने युक्ती केली आहे: माईक घरघर ऐकतो आणि गाडी स्पीकरमधून बरोबर तिच्या उलटा आवाज सोडते, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि माणसाला वाटतं किती शांत गाडी आहे. गाणी बंद असली तरी हे चालूच असतं. कंपनीचा ॲम्प अशक्त, त्याच्या ताकदीला मापून तो उलटा आवाज ठरवलेला. बाहेरचा ॲम्प पैलवान, त्यात डिकीतला मोठा स्पीकर. त्यामुळे गाडी हळूच कुजबुजायला जाते आणि ओरडून बसते. मग माईक तेच ओरडणं ऐकतो आणि आणखी उलटा आवाज सोडायला सांगतो. "माझी चूक, काका," तो म्हणाला. "फिट करतानाच त्या माईकचे प्लग काढायला पाहिजे होते. मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

बोलता बोलता तो आत वाकला होता. छताचा दिवा उचकटून त्याने बोटांनी काहीतरी चाचपलं, टक् असं वाजलं. मग मागच्या बाजूला, शालूच्या डोक्यावर, आणखी एकदा टक्. चला, म्हणाला, आता पळवा.

परशुरामने गाडी पळवली. वेग वाढला. इंजिनाची घरघर ऐकू येत होती, जरा मोठीच, टायरची सळसळ ऐकू येत होती, शालू नाक ओढत होती ते ऐकू येत होतं. मध्ये काही नव्हतं. ते आणखी पुढे गेले. पुढच्या पुलावरून गाडी गेली, खाली खाडी होती, आणि त्यांचं डोकं लहानपणी असायचं तसं रिकामं आणि हलकं होतं. त्यांना एकदम प्रचंड भूक लागली. दादूस नाही. गाठ नाही. उद्याचा एमआरआय नाही. मेलो नाही मी, त्यांच्या मनात आलं, मी मरत नव्हतोच, माझी गाडी घुमत होती. ते मोठ्याने हसले आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले म्हणून बाहीने पुसले.

मग त्यांच्या डोक्यात एक शब्द उशिरा येऊन पोचला. "फिट कुणी करायला सांगितलेलं?" त्यांनी विचारलं.

शपथ आहे, असं सूरज खालच्या आवाजात म्हणाला. घरात गाडी चालवणारी माणसं दोनच होती, त्यामुळे शपथेचा फारसा उपयोग नव्हता. एरवी परशुरामने तिथल्या तिथे नाशिकला फोन लावला असता. आज त्यांनी एवढंच विचारलं की हे बाहेरचं बसवल्यावर गाणं खरंच चांगलं वाजतं का. सूरजने भीत भीत स्क्रीनवर बोट लावलं. देवेशने लावून ठेवलेला हळदीचा ढोल गाडीत असा उठला की परशुरामच्या छातीवर थाप पडली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, राहू दे, काढू नको.

बाळकुमला परतल्यावर कल्पिताने खाली आणून दिलेलं सरबत पिऊन सूरज गेला. त्याला शालूने सीटवरूनच नारळ दिला. तो त्याने का घेतला हे त्यालाही कळलं नसावं, पण बॅगेत टाकून नेला. पार्किंगमध्ये परशुराम आणि शालू दोघेच राहिले. ती अजून मागच्या सीटवर होती, उतरायचं नाव घेत नव्हती. ते दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"झालं ना आता," ते म्हणाले. "मना कायपण झालेलं नाय. सान्वीनं सांगितलं तवाच मना विचारायचं होतंस. कशाला एवढी घाबरलीस?"

शालूने त्यांच्याकडे पाहिलं. तिला ते काय बोलतायत ते कळत नव्हतं.

"तुमाला काय झालेलं?" तिने विचारलं.

परशुरामने सांगितलं. मोहन्याहून येतानाचा आवाज, दादूसचा भुंगा, नौपाड्याच्या डॉक्टरीणबाई, सोमवारचा एमआरआय. ऐकताना तिचा हात हळूहळू तोंडावर गेला. सान्वीने तिला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

"तो भगत मी माझ्यासाठी बोलावलेला," ती म्हणाली. "मोहन्यावरून येताना माझ्या डोक्यात आवाज सुरू झाला. मना वाटलं, भावोजींना झालं तेच मना झालं. तुमाला कसं सांगू? दादूसच्या टायमाला तुमचं काय झालेलं ते मी बघितलंय. परत तेच तुमच्या डोळ्यांसमोर नको."

पातळ भाकरी, ठेचलेलं आलं, सुकटीतला बटाटा, ते सगळं परशुरामच्या आता ध्यानात आलं. ही स्वतःच्या मागे आपल्याला कोण खाऊ घालणार याची सोय लावत होती, आणि आपल्याला वाटलं हिचे गुडघे दुखतायत. हायवेवर त्या संध्याकाळी ती अर्ध्या हाताच्या अंतरावर बसली होती. त्याच आवाजात. दोघंही कान देऊन, आणि दोघंही तोंड मिटून, दुसऱ्याला कळू नये म्हणून.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. पार्किंगमध्ये भरदिवसा असं काही त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. म्हात्रे स्कूटर काढत होता, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

"मना सांगायचंस तरी," परशुराम म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता."

"मी जेवत होतो कुठं, शालू."